रविवारी घरी नसणारे अप्पा

अप्पा, तुमच्या सायकलच्या मागच्या चाकात हवा होती. तुमच्या दिवसकार्याला मी तुमच्या दारात आलो, चपला काढल्या, आणि भिंतीला टेकवलेली ती हिरवी सायकल दिसताच सवयीनं टायर दाबून बघितला. मालक मातीआड गेल्यापासून सायकलला कुणी हात लावला नाही असं घरातले सांगत होते. मग एव्हाना टायर बसायला हवा होता. तो बसला नव्हता. तुम्ही ठेवायचा तेवढीच हवा, अंगठा किंचित आत जाईल इतकी. माझ्या डोक्यात लगेच चक्र सुरू झालं. कुणी भरली? का भरली? सायकल विकायला काढली की काय? आत तुमच्या फोटोला हार घालत होते आणि मी बाहेर चाकापाशी संशय घेत उभा होतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काय ओ बीगरु, झालं का सुरू तुमचं तपासणं?"

बीगरु म्हणजे कानडीत व्याही. माझी महानंदा तुमच्या मल्लिनाथला दिली त्या दिवसापासून तुम्ही मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नाही. आता ती हाक मारणारं कुणी नाही. भर रस्त्यात कुणी कानडीत बोललं तरी मी मागं वळून बघतो, आणि मग स्वतःवरच चिडतो.

मी संशयी आहे हे तुम्हाला पहिल्या भेटीतच कळलं होतं. गिरणीच्या फोल्डिंग खात्यात माझा जन्म गेला. कापडाचं ठाण उलगडायचं, उजेडाकडे धरायचं आणि खोट शोधायची. कुठं तुटका धागा, कुठं तेलाचा डाग. दिवसभर हेच केल्यावर घरी येऊन डोळे वेगळे कसे होतील? महानंदाची आई म्हणायची, तुमच्या संशयाला औषध नाही. पण लेकीचं लग्न ठरलं तेव्हा नेम घातला तो तिनंच. नातवंडाचं तोंड बघितल्याशिवाय लेकीच्या सासरी अन्न घ्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. आमच्याकडे पूर्वापार असंच चालत आलंय. दुष्काळाच्या साली लग्न झालं, पुढच्या साली महानंदाची आई गेली, आणि नेम माझ्या गळ्यात ठेवून गेली.

मग काही सालांनी पाऊस बरा झाला, हिप्परग्याचं तळं भरलं, आणि एका रविवारी सकाळी तुम्ही माझ्या चाळीच्या दारात उभे राहिलात. धोतराचा सोगा वर खोचलेला, हातात नवी कोरी हिरवी सायकल. मुलाचा बाप निरोप न देता मुलीच्या बापाच्या दारात येतो तेव्हा काय होतं ते मुलीच्या बापालाच ठाऊक.

"चला की बीगरु, तळ्यावर जाऊन येऊ."

"तिथं काय काम काढलंय?"

"काम न्हाय म्हणून तर जायाचं."

"मग करायचं काय तिथं?"

"फेरी मारायची. पानी बघायचं. परत यायचं."

एवढ्यानं माझं समाधान कसं होणार? आपल्या गावात सायकल कशाला असते? भोंग्याच्या आत गिरणीत पोचायला. दळण आणायला, रॉकेलचा डबा आणायला. भुसार मालाचा मोठा व्यापारी, पन्नाशी उलटलेला माणूस, उन्हात घाम गाळत चार कोस जाणार आणि जिथून निघाला तिथंच परत येणार, कुणाला हे खरं वाटेल? मी त्या दिवशी तुमच्याबरोबर आलो तो केवळ तुमच्या पोटात काय आहे ते काढून घ्यायला.

ते काही निघालं नाही. तुम्ही तुळजापूर रस्त्यानं गप्प चालवत राहिलात. जकात नाका मागं पडल्यावर डांबरी सोडून तळ्याच्या बाजूला वळलात, आणि दुष्काळी कामात मुरूम टाकून केलेली ती वाट लागली. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला बाभळी. चढ आहे की नाही असा चढ, आणि मग उतार. माझी सायकल गिरणीच्या रस्त्याला सरावलेली, टायर टणक फुगलेले, खड्यावरून नुसती उडत होती. तुम्ही थांबलात, वाकलात, आणि मला न विचारता माझ्या चाकातली हवा सोडलीत.

"अहो, काय करता?"

"मुरमावर हवा कमी लागती. बसा आता."

मला वाटलं, हा माणूस मला मुद्दाम पंक्चर करून इथं अडकवणार आणि मग बोलणं काढणार. पण सायकल एकदम मऊ चालायला लागली. उतारावर पायडल न मारता आपण दोघं पाण्याच्या कडेनं घरंगळत गेलो. वारा सदऱ्यात शिरत होता. तुम्ही हँडलवरचे दोन्ही हात सोडलेत, तेही धोतर नेसून, आणि शाळकरी पोरासारखे हसलात. मी हसलो नाही. पण ठाणं तपासून तपासून आखडलेली माझी मान त्या दिवशी दुखायची थांबली, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते आज सांगतो.

तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, दगडी सांडव्याच्या सावलीत, तुम्ही कॅरिअरला ट्यूबच्या पट्टीनं बांधलेला डबा सोडलात. कडक भाकरी, दही, शेंगाची चटणी. मी हात मागं घेतला.

"कुणाच्या हातचं?"

"खानावळीतलं ओ. घरचं असतं तर तुमाला दिलं असतं का? तुमचा नेम मला ठाव हाय की."

मी घास घेतला. अप्पा, शेंगाची चटणी आपल्या गावात घरोघरी कुटतात. लसूण, जिरं, तिखट, मीठ, तेल सुटेस्तोवर कुटायचं. पण त्यात चिमूटभर भाजलेलं कारळं घालणारी बाई मी एकच पाहिली होती, आणि तिनं ते एकाच मुलीला शिकवलं होतं. घास तोंडात तसाच राहिला. तुम्ही पाण्याकडं बघत होता. जरा जास्तच लक्ष देऊन बघत होता.

आता मी काय समजायचं? एक मन म्हणालं, हा तुझा नेम मोडायला बघतोय, उद्या चारचौघांत सांगेल की मुलीच्या बापानं आमच्या घरचं खाल्लं. दुसरं मन काहीच म्हणालं नाही, कारण तेव्हा ते जेवत होतं. मी घास गिळला आणि म्हणालो, "बरी करतात ओ तुमचे खानावळीवाले." तुम्ही म्हणालात, "हां, बरी करतेत." झालं. त्यानंतर दर रविवारी हेच. मी विचारायचं, तुम्ही खानावळ सांगायची, मी बरी म्हणायचं. ती खानावळ माझ्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर आहे. रविवारी सकाळी तिच्या दाराला कुलूप असतं की नाही हे बघायला कोपऱ्यापर्यंत जाणं पुरे होतं. मी गेलो नाही. सगळ्या आयुष्यात एवढा एकच संशय मी न तपासता ठेवला.

बाकीचे मात्र सोडले नाहीत. वर्षं जात होती आणि महानंदाची कूस उजवत नव्हती. डॉक्टर झाले, मठात जाऊन झालं. तुमच्या थोरल्या बहिणीची, मैंदर्गीच्या आक्कांची, शहरातली ये-जा वाढल्याचं माझ्या कानावर येत होतं. एकदा बाजारात आक्का दिसल्या, बरोबर त्यांच्या जावेच्या माहेरची एक उपवर पोर. मी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि घरी येऊन तसाच बसून राहिलो. एकुलता एक मुलगा, वाडवडिलांचं दुकान, आणि मूल नाही. पुढं काय होतं ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. दुसरी आणायची आणि पहिलीला भांड्याला लावायचं. मग तुमची हिरवी सायकल, तुमचं तळं, तुमचा डबा, सगळ्याचा अर्थ मला लागला असं मला वाटलं. मुलीच्या बापाला आधी मऊ करायचं, चाकातली हवा काढतात तसं, म्हणजे वेळ आल्यावर तो आरडाओरडा करणार नाही.

मागच्या हिवाळ्यात तळ्याच्या बांधावर मी विषय काढलाच.

"अप्पा, सरळ सांगा. मल्लूचं दुसरं करायचं चाललंय का?"

"कोन म्हनलं?"

"मी बघितलंय. आक्का पोरगी घेऊन आल्या होत्या."

तुम्ही ब्रेक दाबलात. एवढं चिडलेलं मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं.

"तुमी कापड तपासता का मानसं ओ?"

"माझी लेक आहे ती."

"माझी सून हाय!" तुम्ही म्हणालात. मग जरा नरमून, "सांगीन कवातरी. गप चला की आता."

माझी सून हाय. मला त्यात मालकी ऐकू आली. माझी आहे, मी तिचं काय वाटेल ते करीन. परतीच्या वाटेवर मी तुमच्या बरोबरीनं चालवली नाही, मागं मागं राहिलो. पुढच्या रविवारी तुम्ही काही घडलंच नाही अशा थाटात दारात हजर, डब्यासकट. तळ्यावर पाहुणे पक्षी उतरले होते, ते बदक की हंस यावरून आपण सगळी फेरीभर भांडलो. ते भांडण मिटलं नाही, आणि हेही नाही. कवातरी म्हणालात ना? ते कवातरी आलंच नाही, अप्पा. याचा मला फार राग आहे.

शेवटच्या रविवारी त्या नसल्यासारख्या चढाला तुम्ही उतरलात. "चेन ढिली झाली," म्हणालात आणि सायकल हातात धरून चालू लागलात. सांडव्यापाशी तुम्ही तोंड धुवायला पाण्याकडं गेलात तेव्हा मी तुमची चेन बोटानं उचलून बघितली. ती ताठ होती. खोट सायकलीत नव्हती. तुम्ही परत आलात, ओठ निळसर दिसले. डबा सोडलात आणि भाकरीचा मोठा तुकडा माझ्याकडं सरकवलात. त्याच आठवड्यात तुम्ही दुकानात गादीवर बसल्या बसल्या गेलात. तुम्हाला आधीच कळलं होतं असा माझा दाट संशय आहे.

तर तुमच्या दिवसाला मी आलो, टायर दाबला आणि ओसरीवर बसलो. आत पंगत बसली. मला कुणी आग्रह केला नाही, सगळ्यांना नेम ठाऊक. जेवणं झाल्यावर आक्का बाहेर आल्या, खांबाला टेकल्या, आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलू लागल्या. रडत होत्या आणि बोलत होत्या.

"अय्यो शिवने! आई मेल्यावर मी वाढवलं त्याला. भाकरी चावून घास भरवला. लई गुनाचा. माझ्या तोंडावर कधी न्हाय म्हनला न्हाय. पन ह्या एका गोष्टीला मला सापडला न्हाय की ओ! दर ऐतवारी मी मैंदर्गीहून यायची, तबक मांडायची, आन ह्यो सकाळीच सायकल घेऊन पसार. सुपारी कुनी उचलायची?"

मी बसल्या जागी ताठ झालो. तुमच्या घरची रीत मला लग्नाच्या वेळेपासून माहीत आहे. लग्नाचं बोलणं काढायचं तर जाजम अंथरून मधे पानसुपारीचं तबक ठेवायचं, आणि घरच्या कर्त्या पुरुषानं त्यातली सुपारी उचलायची. त्यानं उचलल्याशिवाय कुणी त्या विषयातला शब्द काढायचा नाही. महानंदाची सोयरीक ठरवताना तुम्ही ती सुपारी उचलली होती, मी समोर बसलो होतो. रविवारी दुकान बंद, सगळे घरात, म्हणून बैठकीचा वार रविवार. आणि रविवारी तुम्ही कुठं असायचा? माझ्याबरोबर तळ्यावर, बदक की हंस यावर भांडत.

परसदारी महानंदा भांडी विसळत होती. मी गेलो तशी उठली.

"तुला माहीत होतं?"

"व्हय बाबा."

"मला का नाही सांगितलंस?"

"अप्पांनी बजावलं होतं. म्हनायचे, बीगरुला कळलं तर ते आक्काशी भांडायला येतील, आन मग मला आक्काची बाजू घ्यावी लागंल." तिनं पदरानं हात पुसले. "आन म्हनायचे, डबा दोघांचा बांध गं. ते घरी नुसती खिचडी करून खातेत."

खोट शोधायला बसलेल्या माणसाच्या हातात ठाणाची दुसरीच बाजू यावी तसं झालं. बहिणीला नाही म्हणण्याची तुमची छाती नव्हती. मग तुम्ही इतकी वर्षं तळ्याभोवती सायकल फिरवत बसलात. फेरीला काही अर्थ नाही म्हणून मी तुमच्याशी हुज्जत घालायचो, आणि तेवढा वेळ माझी लेक तिच्या घरात सुखानं नांदत होती. अप्पा, तुमचे उपकार मानायचे तर ते आता कुणापाशी मानू?

पण आक्कांचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांचंही खोटं आहे असं मी म्हणणार नाही. भावाचा वंश चालावा असं बहिणीला वाटणारच. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. फुडल्या ऐतवारी येते. आता तबक मल्लूफुडं."

सगळ्यांच्या नजरा मल्लिनाथकडं गेल्या. तो मान खाली घालून बसला होता. अप्पा, तुमचा मुलगा मला कधी कळला नाही. दुकानात तागडीमागं उभा राहणार, विचारलं तेवढंच बोलणार. असल्या गप्प माणसाचा मला सर्वांत जास्त संशय येतो. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. नाही म्हणणं त्याला तरी कुणाकडून येणार? बापानं त्याला ते कुठं शिकवलं होतं?

तो आठवडा मी कसा काढला ते मला माहीत. खात्यात दोन ठाणं माझ्या हातून डागासकट पास झाली. मुलीच्या बापाला त्या बैठकीत जागा नसते. जाऊन पाया पडावं का, महानंदाला सरळ माहेरी आणावं का, काही सुचेना. आज रविवार उजाडला. मी सायकल काढली आणि जकात नाक्यापाशी जाऊन उभा राहिलो. तिथं का गेलो हे विचारू नका. रविवारी सकाळी माझे पाय आता दुसरीकडं जात नाहीत.

बराच वेळ झाला. भाजीच्या गाड्या आल्या, गेल्या. आणि मग गावाकडून तुमची हिरवी सायकल येताना दिसली. क्षणभर मला तुम्हीच वाटलात, खोटं कशाला बोलू? वर मल्लू होता. पँटचा पाय सुतळीनं बांधलेला, हँडल डगमगतंय, तोंड लाल. कॅरिअरला ट्यूबच्या पट्टीनं डबा.

तो माझ्यापाशी येऊन उतरला.

"आक्का आल्या का?" मी विचारलं.

"सकाळच्या गाडीनं. जाजम घालायलेत."

"मग?"

"मग काय," तो म्हणाला. "मी घरात न्हाय की."

चाकात हवा कुणी भरली ते मला तेव्हा कळलं. तुमच्या दिवसाच्या आधीच रविवारी पळायचं ठरलेलं होतं त्याचं, आणि मी आठवडाभर त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. तुम्हीच त्याला पढवून गेलात असा मला संशय आहे. तुम्हाला एकट्यालाही पळता आलं असतं, तरी दर वेळी मला बरोबर न्यायचात. त्यावरून माझी सोबत तुम्हाला आवडत असावी असाही एक संशय आहे. पण त्याला पुरावा नाही, आणि तुम्ही आता कबूल करायला नाही.

आम्ही तळ्यावर गेलो. मुरमाला लागल्यावर मी त्याला थांबवलं आणि पुढच्या चाकातली थोडी हवा सोडली, ती त्यानं जास्त भरली होती. उतारावर तो घाबरून ब्रेक दाबत होता. मी ओरडलो, "सोडा ओ, सोडा! आपोआप जाती!" त्यानं सोडला. पाणी शांत होतं. पाहुणे पक्षी गेले होते, त्यामुळं भांडायला काही नव्हतं. त्या नसल्यासारख्या चढाला तो न उतरता वर गेला आणि मी मात्र उतरलो. चेनीचं कारण मी सांगितलं नाही. मला तुमची आठवण आली होती आणि डोळ्यांपुढची वाट दिसेना, म्हणून उतरलो.

सांडव्याच्या सावलीत त्यानं डबा सोडला. कडक भाकरी, दही, शेंगाची चटणी. मी हात मागं घेतला.

"कुणाच्या हातचं?"

मल्लू पाण्याकडं बघायला लागला. जरा जास्तच लक्ष देऊन.

"खानावळीतलं," तो म्हणाला.

मी घास घेतला. कारळं होतं.

"बरी करतात," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी चटणी जरा जास्त घाला म्हणावं त्यांना."